आमची कौन्सिल मुलांच्या गरिबीसाठी नेमकं काय करू शकते?

भिंगरी

नमस्कार. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका मध्यम शहरात राहते, फार्मसीत काम करते. गेल्या मे महिन्यात पहिल्यांदाच कौन्सिलर (नगरसेविका) म्हणून निवडून आले. प्रश्न कौन्सिलच्या आतल्या कामाचा आहे आणि ते काम जवळून पाहणारी बरीच मंडळी इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून इथे विचारतेय.

कौन्सिलच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या आमच्या स्क्रूटिनी कमिटीने मुलांच्या गरिबीवर एक छोटा गट नेमलाय. त्यात मी आहे. वसंतापर्यंत आम्हाला कौन्सिलच्या कॅबिनेटला, म्हणजे निर्णय घेणाऱ्या मंडळाला, शिफारशी द्यायच्या आहेत. पहिली बैठक झाली. सगळेच कळवळून बोलले, ते खोटं नव्हतं. पण शेवटी कागदावर काय उतरलं? फूड बँकेला थोडं जास्त अनुदान, एक जनजागृती सप्ताह, सगळ्या योजनांची माहिती देणारं पत्रक आणि पाच वर्षांचं धोरण. अहवालाच्या मागे नकाशा जोडला होता, त्यात सगळ्यात गडद रंग माझ्या वॉर्डाचा.

मला हे आकड्यांत वाचायची गरज नाही, काउंटरवर रोज दिसतं. इंग्लंडमध्ये मुलांची औषधं फुकट असतात, मोठ्यांना एकेका औषधामागे ९ पौंड ९० पेन्स पडतात. नोकरी करणारी आई मुलाचं औषध घेते आणि स्वतःच्या चिठ्ठीवरची तीन औषधं पुढे करून विचारते, "यातलं सगळ्यात गरजेचं कुठलं? तेवढंच द्या." फॉर्म्युला दुधाचे डबे हातात घेऊन किंमत बघून परत ठेवणाऱ्या बायका मी ओळखते. एकीने विचारलं होतं, मापात पाणी थोडं वाढवलं तर बाळाला काही होतं का. तिला मी नीट समजावून सांगितलं, हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे बाळांच्या घरी जाणाऱ्या नर्सला, फोन लावून दिला. पण दुकानातून इतकंच करता येतं.

बेनिफिटचे, म्हणजे सरकारी भत्त्यांचे, नियम लंडनहून ठरतात, आमच्याकडे पैसे नाहीत, हे मान्य. तरीही कौन्सिलच्या स्वतःच्या हातात असं काय आहे, ज्याने एखाद्या घरात महिनाअखेरीला खरोखर फरक पडेल? मी कुठल्या गोष्टीचा हट्ट धरू आणि कुठली सोडून देऊ?

सह्यकडा

कौन्सिलर झाल्याबद्दल अभिनंदन. पण माझं प्रामाणिक मत सांगतो, फार काही हातात नाही.

बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम, दोन्ही कौन्सिलांनी २०२३ मध्ये सेक्शन ११४ ची नोटीस काढली, म्हणजे ताळेबंद जुळवता येत नाही असं जाहीरच केलं. बाकीच्यांचेही बरेचसे पैसे वृद्धांची काळजी आणि मुलांच्या सोशल केअरमध्ये जातात. गरिबी मोजतात ती उत्पन्नावर, आणि उत्पन्न ठरतं पगार, घरभाडं आणि बेनिफिट यांनी. दोन मुलांची मर्यादाच घ्या. एप्रिल २०१७ पासून तिसऱ्या मुलामागचे महिन्याला जवळपास तीनशे पौंड नाकारले जात होते. ती एप्रिल २०२६ पासून काढायचा निर्णय झाला तो नोव्हेंबर २०२५ च्या बजेटात, वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे संसदेत. कुठल्याही कौन्सिलने कितीही धोरणं लिहिली असती तरी ते झालं नसतं.

म्हणून मी म्हणेन, खासदाराच्या मागे लागा. आणि फूड बँकेला निदान आज कुणाच्या तरी पोटात अन्न घालता येतं, तिला कमी लेखू नका.

टाकसाळ

भिंगरी, मी इंग्लंडमधल्याच एका कौन्सिलच्या बेनिफिट्स विभागात आहे. बरीच वर्षं काउंटरवर होते, आता आत बसून डेटाचं काम बघते. तुमचा प्रश्न वाचून कालपासून मनात घोळतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सह्यकडा यांचं उत्पन्नाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. २०२३-२४ मध्ये या देशात राहत्या घराचा खर्च (भाडं वगैरे) वजा जाता ४५ लाख मुलं गरिबीत होती, म्हणजे शंभरातली एकतीस. त्यातल्या दर दहापैकी सात मुलांच्या घरात कुणी ना कुणी नोकरी करतं. कौन्सिल हे एकटी पालटू शकत नाही. पण तिच्याकडे एक गोष्ट आहे जी खासदाराकडे नाही, फूड बँकेकडे नाही, शाळेकडेही नाही. आपल्या हद्दीतली गरीब घरं कुठली, तिथे किती मुलं, त्यांची वयं काय, हे कौन्सिलला नावापत्त्यानिशी माहीत असतं. हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची मदत) आणि कौन्सिल टॅक्स सपोर्ट (कौन्सिलच्या घरपट्टीतली सूट) यांच्या फायलींत ते सगळं पडून असतं. आणि हे माहीत असूनही आपण त्याच आईला शाळेच्या जेवणासाठी वेगळा अर्ज, गणवेशासाठी वेगळा, तातडीच्या मदतीसाठी वेगळा आणि दर वेळी तेच बँक स्टेटमेंट मागतो. तुमच्या गटाने एकाच गोष्टीचा हट्ट धरायचा असेल तर हा धरावा: ज्यांची माहिती आपल्याकडे आहे त्यांना अर्ज करायला लावायचं नाही.

शाळेतलं मोफत जेवण घ्या. इंग्लंडमध्ये रिसेप्शन (पहिलीआधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या सगळ्याच मुलांना २०१४ पासून जेवण फुकट आहे. त्यामुळे त्या वर्गांतल्या गरीब मुलांच्या आया नाव नोंदवत नाहीत, कशाला नोंदवतील, जेवण मिळतंच आहे. मग होतं काय, शाळेचा प्युपिल प्रीमियम, म्हणजे गरीब मुलांमागे मिळणारा जादा निधी, बुडतो. तो नोंदणीवर ठरतो, प्राथमिक शाळेत २०२५-२६ ला एका मुलामागे १,५१५ पौंड, आणि एकदा नोंद झाली की पुढची सहा वर्षं मिळत राहतो. मूल तिसरीत गेलं की सप्टेंबरात अचानक जेवणाचे पैसे सुरू होतात आणि ऑक्टोबरात घरी शाळेचा मेसेज येतो, डिनर मनीची थकबाकी आहे म्हणून. हक्क होता, फक्त नाव नव्हतं. २०१८ पासून युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांना (कमी उत्पन्नाच्या घरांचं हे मुख्य बेनिफिट) टॅक्स कापून वर्षाला ७,४०० पौंड कमाईची अट होती. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सगळ्याच घरांतल्या मुलांना जेवण मिळेल असं सरकारने जाहीर केलंय. फार चांगलं झालं. पण हक्क वाढला म्हणून नाव आपोआप चढत नाही. शेफील्डने हे काम अंगावर घेतलं, बेनिफिटच्या यादीवरून मुलं शोधली आणि पालकांना कळवून नावं घातली. त्यामागून इतर कौन्सिलाही आल्या.

काम कसलं असतं ते सांगते, म्हणजे कुणी 'अशक्य' म्हटलं तर तुम्हाला उत्तर देता येईल. दोन फायली असतात, एक बेनिफिट घेणाऱ्या पालकांची, दुसरी शाळेतल्या मुलांची. एकीत पत्ता 'फ्लॅट २, ४१', दुसरीत '४१ब'. आईचं आडनाव एक, मुलाचं दुसरं. कुठे जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे. संगणक बरीचशी नावं जुळवतो, उरलेली माणसाने बसून एकेक बघायची. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं, कारण जुळलेली प्रत्येक ओळ म्हणजे रोज दुपारी ताट भरलेलं एक मूल. नंतर पालकांना पत्र. आमच्याकडच्या पहिल्या मसुद्यात सुरुवातीचा परिच्छेद नुसता कायद्याच्या कलमांचा होता. तो काढून टाकला आणि लिहिलं: तुमची मुलगी शाळेत मोफत जेवायला पात्र आहे, आम्ही तिचं नाव नोंदवतो आहोत, नको असेल तर या तारखेपर्यंत कळवा. 'नको' म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या बैठकीत कुणी काढली नसणार. कौन्सिल स्वतःच काही घरांना जास्त गरीब करते.

२०१३ च्या एप्रिलपर्यंत कौन्सिल टॅक्स बेनिफिट देशभर एकसारखं होतं. मग ते मोडलं, पैसे कमी करून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना सांगितलं की कामाच्या वयातल्या लोकांसाठी तुमची योजना तुम्ही आखा. पेन्शनरांना संरक्षण दिलं, मुलं असलेल्या घरांना दिलं नाही. तेव्हापासून कितीतरी ठिकाणी अगदी तळातल्या कुटुंबालाही वीस टक्के किंवा त्याहून जास्त टॅक्स भरावाच लागतो. हा टक्का ठरवायला वेस्टमिन्स्टर लागत नाही. तो दरवर्षी तुमच्याच सभागृहात मंजूर होतो आणि त्यावर तुमचं मत मोजलं जातं.

आणि न भरल्यावर काय होतं? १९९२ च्या नियमांनी चालत आलेली पद्धत अशी: एक हप्ता चुकला की स्मरणपत्र, सात दिवसांची मुदत. तेवढ्यात भरला नाही तर पुढे वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागता येते. मग समन्स, त्याचा खर्च थकबाकीत. मग बेलिफ, म्हणजे दारात येणारा वसुलीवाला. २०१४ च्या दरपत्रकात प्रकरण बेलिफकडे गेल्या गेल्या ७५ पौंड आणि तो दारात आला की आणखी २३५. ज्या घराकडे तीस पौंडांचा हप्ता नव्हता त्या घरावर हे चढतं. मी काउंटरवर असताना एक बाई दोन पाकिटं घेऊन आली होती, दोन्हींवर आमचाच शिक्का. एकात तातडीच्या मदतीची रक्कम मंजूर झाल्याचं पत्र, दुसऱ्यात कौन्सिल टॅक्सचं समन्स, आणि समन्सचा खर्च मदतीपेक्षा जास्त. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातलं कुठलं खरं?" दोन्ही खरी होती. एक तिसऱ्या मजल्यावरून निघालं होतं, दुसरं दुसऱ्या.

हॅमरस्मिथ अँड फुलम कौन्सिलने २०१८ मध्ये कौन्सिल टॅक्ससाठी बेलिफ पाठवणं बंद केलं. तुम्ही एकदम तिथवर जाऊ शकला नाहीत तरी निदान एवढं मागा: ज्या घरात मुलं आहेत आणि टॅक्स सपोर्ट चालू आहे, ती प्रकरणं बेलिफकडे जायच्या आधी कुणीतरी फोन उचलून बोलेल, आणि त्याच फोनवर बघेल की या घराला आणखी काय मिळायला हवं होतं.

तातडीच्या मदतीचा निधी आता वेगळ्या रूपात येतोय. २०२१ पासूनचा हाउसहोल्ड सपोर्ट फंड दर थोड्या महिन्यांनी वाढवून मिळायचा, त्यामुळे मार्च आला की घाईघाईने व्हाउचर वाटायचे आणि मोकळं व्हायचं. एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड, अनेक वर्षांचा. निदान आता आखणी करता येते. माझा आग्रह रोख रकमेचा आहे. व्हाउचर एका दुकानाचा असतो, आणि घरात कमी असतं ते विजेच्या मीटरमध्ये किंवा बसच्या भाड्यात. फूड बँकेचं अनुदान मी बंद करा म्हणणार नाही, तिथे राबणारी माणसं देवमाणसं आहेत. पण मुलांच्या गरिबीवरची कौन्सिलची मुख्य शिफारस ती असू नये.

जनजागृती सप्ताह सोडून द्या.

मुक्काम पोस्ट ग्लासगो

टाकसाळ यांच्या प्रतिसादाला स्कॉटलंडची जोड देतो. मी शाळेत सपोर्ट असिस्टंट आहे.

इथे गणवेशासाठी क्लोदिंग ग्रँट सगळ्या कौन्सिलांना द्यावी लागते, प्राथमिकला किमान १२० आणि माध्यमिकला १५० पौंड. इंग्लंडमध्ये असं बंधन नाही, कौन्सिलच्या मर्जीवर आहे, हे मला इकडे आल्यावर कळलं. पण मुद्दा पुढचा. ग्लासगो कौन्सिलने स्वतःकडच्या बेनिफिटच्या नोंदी बघून पात्र घरांना ही रक्कम अर्जाशिवाय खात्यात टाकायला सुरुवात केली. शाळेच्या दारातून बघताना त्याचा अर्थ सांगतो. पूर्वी ऑगस्टात शाळा उघडली की ऑफिसात अर्जांचा गठ्ठा असायचा आणि पालक हळू आवाजात विचारायचे. ज्यांना विचारायची लाज वाटायची त्यांची मुलं जुन्या, आखूड झालेल्या पँटमध्ये यायची. आता पैसे आधी पोचतात. ऑफिसात कुणाला काही सांगावं लागत नाही.

दुसरं, कायदा. २०१७ च्या स्कॉटलंडच्या बालदारिद्र्य कायद्याने प्रत्येक कौन्सिल आणि हेल्थ बोर्डाला मिळून दरवर्षी अहवाल काढावा लागतो, की मुलांच्या गरिबीसाठी वर्षभरात काय केलं आणि पुढे काय करणार. इंग्लंडमध्येही २०१० च्या कायद्याने कौन्सिलांवर स्थानिक गरजा तपासायची जबाबदारी होती, ती २०१६ मध्ये काढून टाकली. कायदा नसला तरी तुमची कौन्सिल ठराव करून स्वतःवर हे बंधन घालू शकते. पाच वर्षांच्या धोरणापेक्षा दरवर्षी सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागणं मला जास्त कामाचं वाटतं.

अर्थात आमच्याकडे स्कॉटिश चाइल्ड पेमेंटही आहे. २०२१ मध्ये आठवड्याला १० पौंडांनी सुरू झालं, नोव्हेंबर २०२२ मध्ये मुलामागे २५ झालं, नंतर आणखी वाढलं. ते एडिनबराहून, म्हणजे स्कॉटिश सरकारकडून येतं, कौन्सिलचं नाही. तेव्हा सह्यकडा यांचाही मुद्दा आहेच.

अबोली

एका गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण ती आपल्या माणसांची आहे.

वर सगळ्यांनी युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, टॅक्स सपोर्ट म्हटलं. केअर वर्कर किंवा दुसऱ्या कामाच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबांना यातलं काहीच मिळत नाही. 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी निधीतून मदत नाही, असा शेरा त्यांच्या परवानगीवरच असतो. चाइल्ड बेनिफिटही नाही. म्हणजे टाकसाळताईंच्या बेनिफिटच्या फायलीत ही घरं सापडणारच नाहीत. जुळणी कितीही चोख केली तरी ती बाहेर.

मी आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांत मदत करते. गेल्या हिवाळ्यात एका केअर वर्कर बाईंची ओळख झाली. एजन्सीने तास कापलेले, नवरा घरी, दोन मुलं, एका खोलीत चौघं. मुलाला शाळेत जेवण मागा म्हटलं तर त्या घाबरून गेल्या, "नको गं बाई, व्हिसा रद्द होईल." त्यांच्या कौन्सिलच्या काउंटरवर त्यांना आधी सांगण्यात आलं होतं की तुम्हाला इथे काही मिळणार नाही.

हे चुकीचं आहे. इंग्लंडमध्ये ठरावीक उत्पन्नाखालच्या अशा कुटुंबांच्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळू शकतं आणि ते पब्लिक फंड्समध्ये धरत नाहीत. दोन वर्षांच्या मुलांसाठीचे नर्सरीचे आठवड्याचे पंधरा तासही उत्पन्न आणि बचतीच्या अटींवर मिळतात. आणि वेळ अगदीच वाईट आली तर १९८९ च्या चिल्ड्रेन अॅक्टचं सतरावं कलम आहे. गरजू मुलाचं रक्षण आणि कल्याण ही कौन्सिलची जबाबदारी, पालकांचा व्हिसा कुठलाही असो. ती मदतही पब्लिक फंड्समध्ये येत नाही. त्या बाईंना हे लिहून दिलं, शाळेच्या सेक्रेटरीला भेटलो, मुलगा आता शाळेत जेवतो. पण हे मी नसते तर कुणी सांगितलं असतं?

भिंगरी, तुमच्या शिफारशींत एवढं जरूर घाला: काउंटरवर बसणाऱ्यांना आणि शाळांच्या ऑफिसांना हे नियम शिकवा, आणि पत्रावर स्पष्ट छापा की या मदतीचा व्हिसावर परिणाम होत नाही. खर्च फार नाही.

भिंगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं छापून, खुणा करून ठेवलंय.

अबोली, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. फार्मसीत अशी दोन-तीन कुटुंबं येतात, त्यांच्याशी या आठवड्यातच बोलते.

टाकसाळ, मी जेवणाच्या आपोआप नोंदणीबद्दल अधिकाऱ्यांना सहज ईमेल केली. लगेच उत्तर: डेटा प्रोटेक्शनमुळे करता येत नाही. दुसरं, फायनान्सवाले म्हणाले की टॅक्स सपोर्ट वाढवला तर उत्पन्नात खड्डा पडेल. या दोन्हींना काय म्हणू? आणि कुटुंब बेघर झाल्यावर कौन्सिलने तात्पुरत्या घरांत ठेवलेल्या मुलांबद्दल कुणीच लिहिलं नाही, माझ्या वॉर्डात अशी बरीच आहेत.

टाकसाळ

डेटा प्रोटेक्शनचं उत्तर प्रत्येक ठिकाणी पहिलं हेच येतं. त्यावर वाद घालू नका, लेखी प्रश्न विचारा: कुठल्या नोंदींचा, कुठल्या कामासाठीचा वापर, कुठल्या नियमाने अडतो? सार्वजनिक संस्थेला तिच्या कामासाठी माहिती वापरायला कायद्यात वाट आहे. त्यासाठी आधी जोखमीचा आढावा लिहावा लागतो, शाळा आणि विभागांमध्ये करार लागतो, आणि लोकांना आधी कळवून नकाराची संधी द्यावी लागते. डीडब्ल्यूपीकडून (केंद्र सरकारच्या बेनिफिट खात्याकडून) येणारी माहिती कशासाठी वापरायची याचे निराळे नियम आहेत, ते वकिलाला तपासू द्या. हे सगळं खरं काम आहे, काही महिने जातात. पण इतर कौन्सिलांनी ते केलेलं आहे, आणि त्यांचे कागद मागितले तर बहुतेक जण आनंदाने देतात. तुमच्या अधिकाऱ्यांना शेफील्डशी बोलायला सांगा. एक उदाहरणही द्या: दोन वर्षांच्या मुलांच्या नर्सरीच्या तासांसाठी पात्र ठरू शकणाऱ्या घरांची यादी डीडब्ल्यूपी कौन्सिलांना स्वतःहून पाठवते. म्हणजे 'गरीब घरांची यादी वापरून त्यांना गाठणं' हे तुमच्याच इमारतीत एका टेबलावर आजही चालू आहे. त्या टेबलावरच्या बाईंना किंवा बुवांना गटाच्या पुढच्या बैठकीला बोलवा.

फायनान्सला विचारायचा प्रश्न वेगळा. टॅक्स सपोर्टवरच्या घरांकडून जो वीस-पंचवीस टक्के मागतो, त्यातला प्रत्यक्ष हातात किती पडतो? आणि तो वसूल करायला स्मरणपत्रं, कोर्ट आणि कर्मचाऱ्यांचे तास मिळून किती जातो? मागितलेली रक्कम आणि आलेली रक्कम शेजारी शेजारी मांडून द्या म्हणावं, त्यातही मुलं असलेली घरं वेगळी काढून. हा तक्ता बघितल्याशिवाय पुढच्या वर्षीच्या योजनेला हात वर करू नका. खड्डा आहे की नाही ते त्या दोन आकड्यांवरून ठरू दे.

तात्पुरत्या घरांबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. २०२५ च्या मध्यात इंग्लंडमध्ये १ लाख ७० हजारांहून जास्त मुलं अशा जागांत होती. मुलं असलेल्या कुटुंबाला बी अँड बीमध्ये (लॉजसारख्या जागेत) सहा आठवड्यांच्या वर ठेवायचं नाही हा कायदा आहे, आणि तो मोडला जातो. त्यावर खरा उपाय घरं बांधणं, तो तुमच्या गटाच्या आवाक्याबाहेरचा. पण काही गोष्टी आवाक्यात आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली दिली तर मुलाच्या शाळेचं बसभाडं कोण भरतं? खोलीत फ्रिज आहे का, शिजवायची सोय आहे का? कुटुंब हलवलं की शाळेला आणि हेल्थ व्हिजिटरला त्याच दिवशी कळतं का? मी पाहिलंय, पाचवीतल्या एका मुलाला दोन बस बदलून शाळेत यावं लागायचं आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे रोज 'उशीर'. शाळेला तो का उशिरा येतो हे माहीतच नव्हतं, कारण हाउसिंगने सांगितलं नव्हतं. असे निरोप पोचवायला नवीन निधी लागत नाही.

अबोली यांनी लिहिलेलं मी उद्याच आमच्या टीमसमोर ठेवणार आहे. आपल्या याद्यांत जे नाहीत त्यांच्यासाठी शाळेचा सेक्रेटरी, जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि तुमच्यासारखा फार्मासिस्ट हीच दारं. तिथून एका नंबरावर फोन करता आला पाहिजे, आणि पलीकडे नियम माहीत असलेला माणूस असला पाहिजे.

गटाची पुढची बैठक कधी आहे ते कळवा. लेखी प्रश्नांचा मसुदा इथे टाकलात तर मी त्यातली भाषा तपासून देईन. विशेषतः 'किती अर्ज मंजूर झाले' असं कुठे लिहिलं असेल तर तिथे 'किती मुलं पात्र आहेत आणि त्यातल्या किती जणांना मिळतंय' असं करून घेऊ, नाहीतर पहिल्या आकड्यावरच उत्तर संपवतात.